ग्रिप बदलली, करंगळी दुखायला लागली आणि बॉल दोन्हीकडे जायला लागला

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात गल्लत झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही ४७ वर्षांचे. कॉलेजात आणि नंतर ऑफिसच्या टीमकडून उजव्या हाताने भरपूर क्रिकेट खेळलात, आणि गेली दोनेक वर्षं खारघरला गोल्फ खेळता. सुरुवातीपासून क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बॅटसारखा दहाही बोटांनी धरत होतात आणि बॉल उजवीकडे वळत जायचा, म्हणजे स्लाइस व्हायचा. मग एका मित्राने सांगितलं की दहा बोटांची ग्रिप नवशिक्यांची, इंटरलॉक कर. त्याच आठवड्यात एका व्हिडिओत ऐकलंत की स्लाइस घालवायचा असेल तर ग्रिप स्ट्राँग करा, म्हणून तेही केलंत. आता उजव्या करंगळीचा सांधा दुखतो, बॉल कधी उजवीकडे वळतो तर कधी थेट डावीकडच्या झाडीत जातो, आणि हातमोजा नेहमी तळव्याच्या खालच्या गादीवर, मनगटाजवळ फाटतो. माझ्या हाताला आरामदायक आणि माझ्या स्विंगला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीला, जुळणारी ग्रिप कोणती, असं तुम्ही विचारलंय. शिवाय अकरा वर्षांच्या मुलीला कोणती शिकवावी, हेही.

मी बरीच वर्षं ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, शिकवते, आणि माझ्याकडे येणारे पुष्कळ प्रौढ खेळाडू तुमच्यासारखेच क्रिकेटमधून आलेले असतात. तुमचं वाचून मला वाटतं की एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गोष्टी तुम्ही एकाच वेळी बदलल्यात, त्यामुळे कशाचा काय परिणाम झाला हे कळेनासं झालंय. दोन हात एकमेकांना कसे जोडले, ही एक गोष्ट. डाव्या हातात क्लब तळव्यातून जातो की बोटांतून, ही दुसरी. हात क्लबवर किती वळवून ठेवलेत, ही तिसरी. करंगळीचं दुखणं पहिलीतून आलंय, फाटणारा हातमोजा दुसरीकडे बोट दाखवतो आणि बॉलची दिशा मुख्यतः तिसरीवर चालते. मित्राने पहिली बदलली, व्हिडिओने तिसरी. दुसरीला मात्र कोणी हातच लावला नाही, आणि माझ्या मते मूळ तिथेच आहे.

तुम्हाला प्रत्यक्ष खेळताना पाहिल्याशिवाय काही गोष्टी मी ठामपणे सांगू शकत नाही. तुमच्या बोटांची लांबी, खांदे किती वळतात, बॉल वळायच्या आधी कोणत्या दिशेने निघतो, हे सगळं उत्तर बदलू शकतं. म्हणून जिथे 'हे तपासा' असं लिहिलंय, तिथे आधी खरोखर तपासा आणि मग पुढे जा.

जोडणीचा मुद्दा सोपा आहे, तो आधी संपवू. ओव्हरलॅपमध्ये उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर टेकते. इंटरलॉकमध्ये ती डाव्या तर्जनीत गुंतते. तिसऱ्या प्रकारात दहाही बोटं क्लबवर असतात. ओव्हरलॅप हॅरी वार्डनच्या नावाने ओळखली जाते. १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकण्याचा त्याचा विक्रम आजही टिकून आहे, आणि त्याच्यामुळेच ही ग्रिप जगभर गेली. मात्र त्याच्या आधी स्कॉटलंडचा जॉनी लेडले तशीच धरत असे. इंटरलॉकवाल्यांत जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स आहेत. निकलॉसचे हात लहान आणि बोटं आखूड, त्यामुळे ती त्याला सोयीची पडली. आणि दहा बोटांनी धरून आर्ट वॉलने १९५९ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. तेव्हा 'नवशिक्यांची ग्रिप' हे मित्राचं म्हणणं मनावर घेऊ नका. तिन्ही प्रकारांनी सर्वोच्च पातळीवर जिंकता येतं, हे सिद्ध झालेलं आहे.

या तिन्हींचा उद्देश एकच असतो, की दोन हातांमध्ये फट राहू नये आणि दोन्ही एकत्र फिरावेत. म्हणून जोडणी निवडताना हाताचं ऐका. लहान हात आणि आखूड बोटं असतील तर इंटरलॉक बहुधा चांगली बसते. तळवा मोठा, बोटं जाड असतील तर ओव्हरलॅप. सांधे दुखत असतील, पकडीत जोर कमी असेल तर दहा बोटं. तुमची करंगळी दुखते आहे, तेव्हा इंटरलॉक आजपासून बंद करा. ती तुम्हाला कधीच जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण नवीन शिकणारे जवळजवळ सगळे करंगळी डाव्या तर्जनीत मुळापर्यंत घुसवतात. खरं तर ती हलकी अडकवायची असते. पूर्ण घुसवली की सांध्यावर आडवा ताण येतो, आणि आणखी एक नुकसान होतं: त्या दाबाने डावा हात उघडतो आणि क्लब बोटांतून तळव्यात सरकतो. तुमच्या बाबतीत तो आधीच तळव्यात होता, आता आणखी आत गेला असणार.

सध्या दहा बोटांवर परत या. करंगळी पूर्ण शांत झाली की ओव्हरलॅप करून पाहा. दहा बोटांत एकच जपायचं: उजवी करंगळी डाव्या तर्जनीला घट्ट चिकटलेली हवी. तिथे फट पडली की उजवा हात स्वतंत्र काम करू लागतो, आणि क्रिकेटमधून आलेल्या माणसाचा खालचा हात ती संधी सोडत नाही.

आता मुख्य मुद्दा, डावा हात. तुम्ही वर्षानुवर्षं बॅट धरली आहे आणि त्याचा इथे थेट संबंध आहे. बॅटचा दांडा जाड आणि किंचित लंबगोल असतो. त्या आकारामुळे डोळे मिटूनही हाताला कळतं की बॅटचं पातं कुठे तोंड करून आहे. गोल्फचा क्लब बारीक असतो, आणि नियमाप्रमाणे पटर (बॉल हळूच होलकडे ढकलायचा क्लब) सोडून बाकी सगळ्या क्लबांची ग्रिप, इथे अर्थ दांड्यावरचं रबरी आवरण, आडव्या छेदात गोलच असावी लागते. फार तर तिच्या पूर्ण लांबीभर एक सरळ, किंचित उंच धार चालते, काही ग्रिपमध्ये ती खालच्या बाजूला असते. म्हणजे बॅट हाताला जी माहिती आपणहून देत होती, ती गोल्फचा क्लब देत नाही. ती तुम्हाला हाताच्या ठेवणीतूनच मिळवावी लागते. क्रिकेटवाले नेमके इथेच अडकतात. बॅटसारखीच मूठ आवळतात, बारीक दांडा तळव्याच्या मधोमध जातो, मनगट कडक होतं आणि फेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू, कुठे आहे हे हाताला कळत नाही.

क्लब कसा बसला पाहिजे ते सांगते. डावा हात उघडा ठेवा, बोटं जमिनीकडे. क्लब तर्जनीच्या मधल्या पेराला टेकवा आणि तिथून तिरका करंगळीच्या मुळाशी न्या, जिथे बोट संपून तळवा सुरू होतो. आता बोटं मिटा आणि तळव्याची खालची मांसल गादी क्लबच्या वर बसवा, बाजूला नाही. अंगठा मधोमध किंवा किंचित उजवीकडे. अंगठा पुढे ताणू नका, थोडा मागे ओढलेला ठेवा; ताणलेल्या अंगठ्याच्या मुळावर क्लब मागे-वर नेताना, म्हणजे बॅकस्विंगच्या टोकाला, त्याचा भार येतो आणि चाळिशीनंतर तिथलं दुखणं लवकर सुरू होतं. पन्नाशीच्या आसपासच्या ज्यांच्या अंगठ्याचा सांधा कुरकुरतो, त्यांना मी आधी एवढंच बदलायला लावते.

बसलंय की नाही याची एक जुनी तपासणी आहे. क्लब समोर आडवा उचला आणि मधलं बोट, अनामिका, करंगळी आणि अंगठा हळूहळू सोडा. फक्त वाकवलेल्या तर्जनीवर आणि क्लबच्या वर बसलेल्या त्या मांसल गादीवर क्लब तोलला गेला पाहिजे. तळव्यात धरलेला असेल तर तो लगेच घसरतो. तुमचा घसरेल असा माझा अंदाज आहे, कारण हातमोजा नेमका त्या गादीवर फाटतो. तिथे भोक पडण्याचा अर्थ असा की स्विंगच्या दरम्यान क्लब हातात फिरतो आणि कातडं घासतो. आणखी एक कारण असू शकतं: काहीजण क्लब अगदी टोकाला धरतात, त्यामुळे गादी रबराच्या कडेवर येते. हाताच्या वर ग्रिपचं निदान अर्धा इंच रबर दिसलं पाहिजे. एवढ्यावर हातमोजे जास्त टिकायला लागले तर समजा, दिशा बरोबर आहे.

बोटांत क्लब आला की पहिला फरक मनगटात जाणवतो. डाव्या हाताने एकट्याने क्लब धरून मनगट अंगठ्याच्या दिशेला वर मोडून पाहा, आधी तळव्यात धरून, मग बोटांत धरून. दुसऱ्या वेळी ते किती सहज आणि किती जास्त मोडतं ते तुम्हालाच दिसेल. क्लबचा वेग बराचसा या मोडण्या-सुटण्यातून येतो. ते अडलं की माणूस खांद्यांनी जोर लावतो, क्लब बाहेरून आत (बॉलच्या पलीकडून आपल्या शरीराकडे) ओढला जातो आणि स्लाइस व्हायला लागतो. म्हणून स्लाइसवाल्याची ग्रिप वळवण्याआधी मी ती बोटांत आणते. कित्येकदा अर्धा स्लाइस तिथेच कमी होतो.

आता हात किती वळवायचे. सरळ उभे राहून खाली पाहिलं की डाव्या मुठीवरची किती हाडं, म्हणजे नकल, दिसतात ते बघा. दोन ते अडीच दिसली तर न्यूट्रल. हात उजवीकडे वळलेला असेल, तीन किंवा चार दिसत असतील तर स्ट्राँग. एकच किंवा एकही नाही तर वीक. हे शब्द ताकदीबद्दल नाहीत, हाताच्या वळणाबद्दल आहेत, त्यामुळे स्ट्राँग म्हणजे घट्ट पकडणं असं समजू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो 'व्ही' तयार होतो, तो न्यूट्रलमध्ये साधारण हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान रोखलेला असतो.

याचा बॉलवर परिणाम का होतो? डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून खाली येताना, त्याचं बॉलकडचं जड टोक जोरात बाहेर खेचलं जातं, हात ताणले जातात, आणि ताणलेला हात आपल्या नैसर्गिक लोंबत्या स्थितीकडे परत येऊ पाहतो. तुम्ही हात उजवीकडे वळवून धरला असेल तर परत येताना तो फेसला डावीकडे मिटवतो. उलट वळवला असेल तर फेस उघडा राहतो. बॉल आणि फेस एकमेकांना चिकटतात ते सेकंदाच्या हजारांश भागाच्या जेमतेम निम्मा वेळ. तेवढ्यात काही दुरुस्त करता येत नाही. त्या क्षणी फेस जिकडे असेल, बॉल मुख्यतः तिकडेच निघतो. आणि फेस व क्लबचा मार्ग यांच्यात जेवढा फरक, तेवढा तो हवेत वळतो.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न: तो उजवीकडे वळणारा बॉल निघतो कुठे? उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस खूपच उघडा आहे, आणि हात थोडे वळवल्याने फायदा होईल. डावीकडे निघून मग उजवीकडे वळत असेल, आणि क्रिकेटवाल्यांत मला हेच जास्त दिसतं, तर क्लब बाहेरून आत येतोय आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा आहे. या दुसऱ्या प्रकारात फक्त ग्रिप स्ट्राँग केली की फेस मिटतो पण मार्ग तसाच राहतो. परिणाम? डावीकडे निघालेला बॉल परत न वळता डावीकडेच जातो. तुमची झाडी! व्हिडिओतला सल्ला मुळात चुकीचा नव्हता, पण तो एका विशिष्ट स्लाइससाठी होता. तुम्ही कोणत्या प्रकारात मोडता हे तो पाहू शकत नव्हता.

मोठ्या खेळाडूंकडे पाहिलं तर हेच दिसतं की वळण एकटं चांगलं-वाईट नसतं, ते शरीराच्या हालचालीशी जुळावं लागतं. बेन होगनला हुकने, म्हणजे डावीकडे जोरात वळणाऱ्या बॉलने, वर्षानुवर्षं छळलं. त्याने डावा हात वीक करत नेला, आणि त्याच्या वेगवान हातांना ते जुळलं. दुसऱ्या टोकाला पॉल अझिंगर, १९९३च्या पीजीए चॅम्पियनशिप स्पर्धेचा विजेता. त्याची ग्रिप इतकी स्ट्राँग होती की कोणीही ती बदलायचा सल्ला दिला असता. पण तो कंबर आणि छाती लक्ष्याकडे झपाट्याने वळवत असे, त्यामुळे फेस मिटायला हातांना वेळच मिळत नसे. ली ट्रेव्हिनोही स्ट्राँग ग्रिपने आयुष्यभर डावीकडून उजवीकडे येणारा फेड खेळला. थोडक्यात, ज्याचं शरीर लवकर आणि पूर्ण वळतं त्याला स्ट्राँग ग्रिप चालते. ज्याचे हात आणि बाहू चपळ आहेत, क्लब आपोआप उलटतो, त्याला न्यूट्रल किंवा किंचित वीक. आणि ४७व्या वर्षी दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याची कंबर बहुधा मध्येच थांबते. तशा माणसाला मी थोडी स्ट्राँग, अडीच-तीन नकलची ग्रिप देते, त्यापुढे जात नाही. तुम्ही या वर्णनात बसता का, ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल.

सुरुवात कुठून करायची? बॉलसमोर उभे राहता तसे उभे राहा, क्लबशिवाय, कंबरेतून किंचित वाकून. डावा हात सैल सोडा. हलवा, थांबू द्या. आता तो जसा लोंबतोय तसाच ठेवून खाली बघा. कुणाच्या हाताच्या दोन नकल दिसतात, कुणाच्या तीन. खांदे पुढे झुकलेले असतील तर हात आतल्या बाजूला जास्त वळलेला दिसतो. तीच तुमच्या डाव्या हाताची सुरुवातीची जागा. त्यात बदल करायचाच झाला तर अर्ध्या नकलने करा, आणि निदान दोन-तीन वेळा रेंजवर जाऊन आल्याशिवाय पुन्हा नाही.

उजवा हात त्याच्याशी समांतर हवा. उजव्या तळव्यातल्या आयुष्यरेषेची घडी डाव्या अंगठ्यावर बसते, आणि उजवा तळवा साधारण फेसच्या दिशेला तोंड करून असतो. डावा स्ट्राँग आणि उजवा वरून झाकलेला, किंवा डावा वीक आणि उजवा क्लबच्या खाली गेलेला, अशा जोड्या मी वारंवार पाहते. मग दोन्ही हात स्विंगभर एकमेकांशी भांडतात. व्हिडिओ पाहून तुम्ही डावा वळवलात, तेव्हा उजवा सोबत नेलात का, हे तपासा. बॉल दोन्हीकडे जाण्याचं ते आणखी एक कारण असू शकतं.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. ग्रिप घेताना क्लब जमिनीवर टेकवून घेऊ नका. जमिनीवर तो नकळत फिरतो. क्लब समोर, कंबरेच्या उंचीवर उचला, फेसची खालची धार उभी सरळ आहे ना ते पाहा आणि मग हात ठेवा, आधी डावा, मग उजवा. पुष्कळ लोक हात छान ठेवतात, पण फेस तेव्हा उघडा असतो. बॉलमागे क्लब ठेवल्यावर ते लक्षात येतं आणि ते मनगट फिरवून फेस सरळ करतात. त्या क्षणी तुमची सगळी ग्रिप बदलते. फेस सरळ नसेल तर दोन्ही हात काढा आणि पुन्हा घ्या. मी रेंजवर एखाद्याला हे दहा-दहा वेळा करायला लावते, त्याला कंटाळा आला तरी.

किती घट्ट धरायचं? दहापैकी चार-पाच, असं मी सांगते, पण या आकड्याचा उपयोग मर्यादित आहे कारण प्रत्येकाचा 'चार' वेगळा. त्याऐवजी दोन खुणा पाहा. बॉलसमोर उभं राहून क्लबचं टोक मनगटाने थोडं हलवता आलं पाहिजे, आणि कोपरापुढचा हात दगडासारखा लागता कामा नये. दाब कुठे, तर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्याच्या मधल्या दोनांत. उजवा अंगठा आणि तर्जनी यांनी चिमटा काढू नका. तिथे दाब वाढला की खांदा आवळतो. उजव्या तर्जनीच्या कडेला किंवा अंगठ्यावर फोड येत असेल तर हेच घडतंय. आणि दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा. बहुतेक लोक हलका धरून सुरू करतात आणि वरून खाली येताना एकदम आवळतात.

मुंबई-नवी मुंबईच्या हवेत या आवळण्यामागे बऱ्याचदा घाम असतो. रबर तेलकट आणि गुळगुळीत झालं की क्लब निसटेल या भीतीने हात आपोआप घट्ट होतो, आणि तुम्ही तुमच्या तंत्राला दोष देत बसता. ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना ब्रश यांनी धुवा, पुसा, सावलीत वाळवा. किट गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका, उन्हाच्या तापाने रबर कडक होतं. पावसाळ्यात दोऱ्याची वीण असलेल्या कॉर्ड ग्रिप उपयोगी पडतात, हाताला मात्र त्या खरखरीत लागतात, म्हणून सांधेदुखीवाल्यांना मी सुचवत नाही. हातमोजे दोन ठेवा, आलटून पालटून वापरा, आणि ओला मोजा चुरगळून खिशात कोंबू नका.

रबराची जाडी तपासायची पद्धत सोपी आहे. डाव्या हाताने नेहमीसारखी मूठ मिटली की मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याच्या खालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. ती आत रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, फट राहत असेल तर जाड. बदल करायला नवा क्लब घ्यावा लागत नाही. ग्रिप बसवणारा आत टेपचे वेढे वाढवतो. एका वेढ्याने व्यास सुमारे एक चौसष्टांश इंच वाढतो, म्हणजे चार वेढ्यांत साध्या ग्रिपची मिडसाइज (एक माप जाड) होते. जाड ग्रिपने मनगटं शांत होतात आणि बारीकने हुक वाढतो, असं सरसकट सांगितलं जातं. मी तसं प्रत्येकात होताना पाहिलेलं नाही. जाडी मी दिशेसाठी बदलत नाही, हाताच्या मापासाठी आणि दुखण्यासाठी बदलते. तुमचा सेट वापरलेला घेतला असेल तर ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताच्या मापाच्या असू शकतात, आणि झिजलेल्याही. नियमित खेळणाऱ्याने त्या वर्षातून एकदा बदललेल्या बऱ्या.

आता 'आरामदायक' या अपेक्षेबद्दल. तुमच्या हाताला आज जे सहज वाटतं ते बॅटने घडवलेलं आहे. त्यामुळे योग्य ग्रिप पहिल्या दिवशी विचित्रच वाटणार. नवी चप्पल चार दिवस चावते, तसंच. बोटांच्या मधली त्वचा ताणल्यासारखी वाटेल, क्लब निसटेल असं वाटेल, डाव्या हाताची शेवटची तीन बोटं दमतील. हे चालतं, दोन-तीन आठवड्यांत जातं. सांध्यात टोचणं, मुंग्या येणं, सकाळी बोट अडकून खटकन सरळ होणं, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं, हे मात्र चालत नाही. असं काही झालं तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तुमची करंगळी दहा बोटांवर परत आल्यावर आठवड्याभरात शांत झाली नाही, तर तीही दाखवा.

सराव घरी सुरू करा. एक जुना क्लब दिवाणखान्यात ठेवा आणि येता-जाता फक्त ग्रिप घ्या, सोडा, पुन्हा घ्या. स्विंग करू नका, पंखा आणि घरची माणसं दोघांचाही विचार करा. रेंजवर पहिले दोन आठवडे फक्त सात नंबरचा आयर्न किंवा वेज, आणि हात कंबरेच्या उंचीपर्यंतच. ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. त्याच्या लांबीने आणि कमी लॉफ्टने (फेसच्या कमी तिरकेपणाने) फेसची प्रत्येक चूक मोठी दिसते, आणि घाबरून तुम्ही जुन्या मुठीकडे पळाल. फोन लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, लक्ष्याच्या रेषेत ठेवून स्लो मोशनमध्ये पाच-सहा फटके टिपा. त्यात बॉल कुठे निघतो आणि क्लब बाहेरून येतोय का, दोन्ही दिसेल. क्रम असा ठेवा: आधी जोडणी परत दहा बोटांवर, मग डाव्या हातात क्लब बोटांत आणणं, आणि हे बसल्यावरच, बॉल कुठे निघतो ते पाहून, वळण. एका वेळी एकच. या काळात तुमचा स्कोअर बिघडेल, म्हणून स्पर्धा किंवा क्लबची मॅच असेल तर ती होऊन जाऊ द्या आणि मग सुरू करा. आणि पटर यातून पूर्ण वगळा, त्याची पकड वेगळ्या कारणांनी ठरते.

मुलीबद्दल. अकराव्या वर्षी तिला दहा बोटांनीच धरू द्या. हात वाढेल, जोर येईल, तेव्हा एक दिवस तीच विचारेल की दुसरे वेगळं कसं धरतात, त्या वेळी बाकीच्या जोडण्या दाखवा. तुमचा जुना क्लब कापून तिला देऊ नका. कापलेल्या क्लबचं टोक तिच्यासाठी जड राहतं, शाफ्ट (दांडा) कडक होतो, आणि ग्रिप तिच्या बोटांना जाड पडते, मग ती नाइलाजाने तळव्यात धरायला शिकते. मुलांसाठीचे बारीक ग्रिपचे हलके क्लब मिळतात, तीन-चार पुरे. लहान मुलं क्लब जड लागतो म्हणून हात उजवीकडे बरेच वळवून धरतात, आणि तुम्हाला ते स्ट्राँग दिसेल. ते दुरुस्त करायच्या मागे लागू नका, ताकद वाढली की बहुतेकांचं आपोआप कमी होतं. तिच्या डाव्या हाताच्या बोटांत क्लब आहे ना, एवढंच अधूनमधून बघा.